मागच्या दाराची गाडी

रविवार, ३ ऑगस्ट

आजही गाडी घेतली नाही. चर्चमधून जावई परस्पर गेला, त्याच्यासाठी झाकून ठेवलेले मटोके, उकडून कुस्करलेली कच्ची केळी, केळीच्या पानात गार होऊन दगड झाले, दुपारभर तो उन्हात गाड्यांच्या आवारात फिरला आणि हात हलवत परत आला. कारण काय? तर म्हणे मधल्या रांगेची सीट पुरती दुमडत नाही. अरे बाबा, सीट बसायला असते की दुमडायला? त्या सीटची नाही, माझ्या डोक्याची घडी व्हायची वेळ आली आहे.

हं. आता नमस्कार. ही वही मला हॉस्पिटलातल्या पाय वाकवणाऱ्या बाईने दिली. रोज पाय किती वाकला ते लिहा म्हणाली. पाय वाकत नाही. केळीच्या बागेत घसरले तेव्हापासून गुडघ्यात लोखंड आहे, आणि लोखंड कधी लाडीगोडीने वाकलंय का? रोज तेच ते काय लिहायचं! त्यापेक्षा जे खरोखर दुखतं ते लिहीन. सिस्टरांच्या शाळेत चौथीपर्यंत गेले आहे, भांडण लिहायला तेवढं पुरतं.

माझं नाव तेओपिस्ता, पण जुळ्या मुली झाल्या तेव्हापासून सगळे नालोंगो म्हणतात, जुळ्यांची आई. त्यातली थोरली ही बाबिर्ये. तिच्या कुंपणाला लागून मी खोली घेतली आहे, पाय बरा होईस्तोवर. तिच्या घरात चार खोल्या आहेत, पण जावयाच्या छपराखाली सासू झोपत नाही. कंपालात राहायला आले म्हणून रीत गावाकडे विसरून आले नाही.

आणि गाडी कशाला हवी तेही लिहिते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल म्हातारीला फिरायची हौस. माझा नवरा गेल्या वर्षी गेला. ह्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी गावी, मसाकाच्या पुढे, त्याचं दुःख मोडायचा विधी आहे. वारस बसवतील. विधवेने त्या दिवशी वारसाशेजारी चटईवर बसायचं असतं. त्याच्या विधवा दोन आहेत. मी पोचले नाही तर चटई काही रिकामी राहणार नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पाय: नाही.

नणंदेचा फोन आला. नाकिमेरा तिचं नाव, टोचणं तिचं काम.

"काय गं नालोंगो, आहेस ना जिवंत?"

"तुझी इच्छा नसली तरी."

"येणार ना मग? की जावयाने अजून गाडी धुवायला काढली नाही?"

"धुवायला आधी असावी लागते."

"म्हणजे अजून नाहीच? बाई बाई! इकडे तुझ्या धाकट्या सवतीने नवा गोमेसी झगा शिवलाय. जांभळा. कमरेचा पट्टा बघशील तर डोळे दिपतील. म्हणत होती, थोरलीचा पाय असा, कशी येणार बिचारी, मीच बसेन चटईवर."

"बिचारी म्हणाली?"

"मी माझ्या पदरचं कशाला सांगू? बिचारीच म्हणाली."

फोन आपटला. आपटून बंद झाला, तो नांतेझाने पुन्हा चालू करून दिला. नांतेझा बाबिर्येची थोरली, अकरा वर्षांची. तिच्या मागे आणखी तीन आहेत.

बाबिर्येला बोलावून विचारलं, टॅक्सीने जाऊ का? ती म्हणाली, आई, त्या डब्यात चौदा माणसं कोंबतात, तुझा ताठ पाय कुणाच्या मांडीवर ठेवू? म्हटलं, भाड्याची गाडी कर. तर म्हणाली, लुबोवाला चालणार नाही. सासऱ्याच्या दुःखाला जावयाने झाडाच्या सालीचं कापड घेऊन सगळ्या कुटुंबानिशी उतरायचं, ते काय दुसऱ्याच्या गाडीतून? शिवाय दोन दिवस गाडी थांबवून ठेवायचं भाडं ऐकलंस का?

ऐकलं. मान मोठा आहे, खिसा लहान. लुबोवा म्हणजे आमचा जावई. शाळेत भूगोल शिकवतो. आधी एक छोटी गाडी होती. मला हॉस्पिटलात न्यायचं झालं की शेजारचा माणूस ती चालवायचा, मी मागच्या सीटवर आडवी आणि जावई मागून बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या, मोटरसायकलीवर धूळ खात. स्वतःच्या गाडीमागे बोडावरून जाणारा माणूस आमच्या सगळ्या नामुगोंगो वस्तीने पाहिला. बरोबरच होतं ते, सासू आणि जावई एवढ्याशा डबीत कसे बसतील? आता ती गाडी विकली, म्हणे मोठी घेणार. विकली मात्र पटकन. घ्यायचं नाव नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

पाय: नाही.

सकाळी नांतेझा केळीच्या सोपाची दोरी घेऊन आली.

"जाजा, पाय लांब करा."

"लांबच आहे तो. आखूड कुठे होतो?"

"गणिताचा गृहपाठ आहे. घरातल्या वस्तू मोजायच्या."

"मी वस्तू आहे?"

"तसं नाही हो जाजा. हलू नका."

कमरेपासून टाचेपर्यंत दोरी लावली, गाठ मारली आणि वाटेत कोंबडी तुडवून पळाली. हल्लीच्या मास्तरांना मोजायला टेबल मिळत नाही का? फी घेतात ती कसली?

दुपारी बाबिर्येने फोनवर पांढऱ्या गाडीचा फोटो दाखवला. तीन रांगा, मध्यम वय, तोंड हसरं, किंमत ह्यांच्या आवाक्यात. शेजारणीही बघून गेल्या, एकीने तर देवाचे आभारसुद्धा मानले. मी म्हटलं, चला, सुटले. संध्याकाळी जावई परत आला. नाही घेतली. म्हणे मागची रांग पोरांच्या मापाची आहे.

मग पोरांना बसव ना तिथे! असं मी म्हटलं आणि मग विचार केला, पोरं मागे बसली तर मी कुठे? मधल्या रांगेत, त्याच्या मानेमागे, हातभर अंतरावर? माझ्या मावशीने असलीच हयगय केली होती. जावयाशेजारी पिकअपमध्ये बसून बाजारात गेली. म्हातारपणी तिचे हात असे कापायचे की चहा कपात कमी आणि मांडीवर जास्त. जावयाला खेटून बसणारीचे हात कापायला लागतात, सगळ्यांना कारण माहीत होतं, तोंडावर कुणी बोललं नाही एवढंच. मला माझे हात हवे आहेत. मी शेवटच्या रांगेतच बसणार, आणि त्याच्या-माझ्यात अख्खी एक रांग पोरांनी भरलेली पाहिजे. तीन रांगांची गाडी म्हणतात ती ह्याचसाठी असते. इतकी साधी गोष्ट, भूगोल शिकलेल्या माणसाला कोण सांगणार?

गुरुवार, १४ ऑगस्ट

पाय: विचारू नका.

आज एक चंदेरी नाकारली. पायरी उंच आहे म्हणे. स्वतः ताडासारखा उंच माणूस, त्याला पायरी उंच!

सकाळी कुंपणाच्या पलीकडून हाक आली. तो रोज येतो, हिरव्या झुडपामागे उभा राहतो, तोंड दुसरीकडे करून बोलतो. तेवढं त्याला येतं.

"नालोंगो, रात्र कशी गेली?"

"गेली. गाडी आली का?"

"शोधतोय."

"नद्या पाठ आहेत ना सगळ्या जगाच्या? मग गाडी का सापडत नाही?"

"सापडेल, नालोंगो. योग्य ती मिळायला..."

"योग्य म्हणजे काय? चार चाकं आणि एक शहाणा ड्रायव्हर. चाकं तरी आण."

झुडपाच्या फटीतून दिसलं, तो खाली बघत होता. माझ्या पायांकडे की गवताकडे, कोण जाणे. माझं लक्ष गेलं तसा दचकून आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काही नव्हतं.

बाबिर्येला मी स्पष्ट सांगितलं, तुझ्या नवऱ्याला मला न्यायचंच नाही. आज सीट, उद्या पायरी, परवा म्हणेल हॉर्नचा आवाज आवडला नाही. विधीचा शनिवार उलटला की म्हणेल, अरेरे, राहूनच गेलं. बाबिर्ये म्हणाली, आई, तू असं बोलतेस तेव्हा मला तुझी लाज वाटते. मी म्हटलं, वाटू दे, घरातल्या कुणाला तरी ती वाटते हे बरं.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, पुन्हा टोक काढून लिहिते आहे.

जावई नांतेझाला घेऊन आवारात गेला होता. ती परत आली, माझ्याकडे बसून शेंगदाण्याचं कालवण खायला लागली आणि खाताखाताच हसू फुटलं.

"काय झालं गं?"

"जाजा, बाबांनी आज काय केलं! झाडूचा दांडा नेला होता घरून. तो पायाला बांधला, चिंध्यांनी, इथून इथपर्यंत. आणि गाडीत मागे चढत होते. असा पाय ताठ! तुमच्यासारखा! अस्सल!"

"माझ्यासारखा?"

"हो! एकदा आत अडकून पडले, निघताच येईना. सगळे विकणारे जमा झाले. एक म्हणाला, मास्तर, पुन्हा करा, मी व्हिडिओ काढतो. मग दुसऱ्या गाडीत चढले. मग तिसऱ्या. सगळ्यांत तसंच!"

माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. कालवण तसंच टाकून गेली.

सोंग! माझं सोंग! गाड्या विकणाऱ्या टवाळांच्या घोळक्यात, भर दुपारी, झाडूचा दांडा बांधून! ज्या माणसाने माझ्याकडे सरळ नजरेने बघू नये, माझ्या सावलीवर पाय देऊ नये, तो माझ्या लंगडेपणाचा खेळ करतो. एका गाडीत नाही, तीन-तीन गाड्यांत, लोकांना हसू पुरलं नाही म्हणून. आणि माझी नात बघायला बरोबर नेली. माझा नवरा असता तर ह्या जावयाकडून दंडाची कोंबडी नव्हे, बैल वसूल केला असता.

बाबिर्येला बोलावलं. सगळं ऐकवलं.

"आई, तुला वाटतं तसं नाही ते."

"मग कसं आहे?"

"मला बोलता येत नाही. सांगू नकोस म्हणालाय."

"हो ना! लाज वाटत असेल."

"वाटतेच आहे त्याला लाज. पण तुला वाटते ती नाही."

लाजेच्या जाती मला शिकवायला आली. जा म्हटलं.

रविवार, १७ ऑगस्ट

सकाळी झुडपामागून आवाज आला, "नालोंगो, रात्र कशी गेली?"

मी उत्तर दिलं नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मी कोंबड्यांना दाणे टाकत राहिले. आमच्यात कुणी विचारलेल्या रात्रीचं उत्तर न देणं म्हणजे काय ते त्याला कळतं. कळावं म्हणूनच दिलं नाही.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मी काही कुणाच्या गाडीची मिंधी नाही. आमच्या बाजूचे मटोकेचे ट्रक नाक्यावरच्या बाजारात माल उतरवतात आणि रिकामे परत जातात, थेट मसाकापर्यंत. आयुष्यभर आमच्या बाया असल्या ट्रकांवर बसून आल्या-गेल्या. काठी घेतली आणि चौकशीला गेले.

ड्रायव्हर ओळखीच्या गावचा निघाला.

"बसवतो की मावशी, पुढच्या शुक्रवारी या. पण वर चढणार कशा?"

"तू कसा चढतोस?"

"मी उडी मारतो."

"मी मारणार नाही. पायरी कुठे आहे?"

"पायरी? मावशी, हा ट्रक आहे. चाकावर पाय द्यायचा, फळीला धरायचं, मग दुसरा पाय वरून पलीकडे."

म्हटलं, आत्ताच बघते.

चढले नाही. फळी ओली होती, आणि त्याला निघायची घाई होती. दोन हमाल हात द्यायला पुढे आले, त्यांना म्हटलं हात स्वतःच्या खिशात ठेवा. बाजारातल्या बायकांना काय काम नव्हतं, सगळ्या बघत उभ्या.

परत येताना कुंपणाला धरून जरा थांबले. ऊन फार होतं.

पाय: ह्या बाबतीत आज काही लिहायचं नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

आली. गाडी आली.

मी खिडकीतून बघितली आणि म्हटलं, हे चुकून कुणीतरी आमच्या दारात आणून सोडलं. रंग शेवाळी. तोंड रागावलेल्या म्हशीसारखं. आवाज असा की शेजारच्यांचं तान्हं उठून रडायला लागलं. आधी कुण्या कॉफीच्या व्यापाऱ्याची होती, अजून आत वास येतो. पांढरीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळाली म्हणे. मिळणारच. फुकट दिली असती तरी देणाऱ्याने आभार मानले असते. पांढरीचा फोटो बघून देवाचे आभार मानणारी शेजारीण आज आली, बघितली आणि म्हणाली, "मजबूत आहे हं." एवढंच.

पुढे दोन जणांची जागा. मधे एक लांब सीट. आणि तिसरी रांग? तिसरी रांग नाहीच. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून दोन बाक, समोरासमोर, आगगाडीसारखे आडवे. तिथे जायला बाजूने वाट नाही. मागचं दार उघडायचं आणि तिथून आत जायचं.

मागच्या दाराने! ज्या दाराने शेळ्या चढवतात, पोती चढवतात. माझ्या नवऱ्याला हॉस्पिटलातून गावी नेलं ते असल्याच गाडीतून, असल्याच दाराने, पेटीत घालून. मी मागे उभी राहून दार लावलं होतं. आता त्याच दाराने मला त्याच गावात न्यायचं ठरवलंय माझ्या जावयाने. तीन आठवडे शोधून हे सापडलं!

बाबिर्येला म्हटलं, "मी येत नाही. आणि तुझ्या नवऱ्याला विचार, मी त्याला मेलेली वाटते का? त्याने मला उत्तर द्यावं."

बाबिर्ये तशी शांत पोरगी. जन्मली तेव्हा धाकट्या जुळीच्या वाटचंही तिनेच ऐकून घेतलं असावं. आज मात्र अशी उसळली की मी मागे सरले.

"काय उत्तर देईल तो? काय देईल? जावयाने सासूचा पाय असा शब्द तोंडातून काढायचा? काढला असता तर तू त्याची जीभ मागितली असतीस! त्याने विचारायचं नाही, बघायचं नाही, तुला नेऊन बसवून पाहायचं नाही. मग माणसाने करायचं काय, सांग ना! झाडूच्या दांड्याशिवाय त्याच्याकडे होतं काय?"

"ओरडू नकोस. पलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे! एकदा ऐकू दे सगळ्यांना! गाडी बघायला येणारे लोक त्याला वेडा मास्तर म्हणतात तिकडे, माहीत आहे तुला? तरी गेला तो. दर वेळी गेला."

आणि गुडघे न टेकता निघून गेली. माझ्यासमोरून गुडघे न टेकता ती कधी गेली नव्हती.

तिचा राग कळला. दांड्याचं काय म्हणत होती ते तेवढं नीट कळलं नाही. रागात माणूस अर्धंच बोलतं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

नणंद पुन्हा. "मग धाकटीला सांगू ना चटईचं? तिला केस नीट करायला वेळ पाहिजे."

"तिचे केस हजार वर्षांत नीट व्हायचे नाहीत."

"म्हणजे येतेस?"

"फोन ठेव, पैसे जातात."

"मी केलाय फोन."

"मग तुझे जातात."

दुपारी जावई शाळेत गेला होता, बाबिर्ये दुकानात. अंगणात ती गाडी उभी. म्हटलं जवळून शिव्या देऊ.

मागे गेले तर दाराखाली लोखंडाची एक पायरी जोडलेली. शनिवारी ती नव्हती. जमिनीपासून इतकी कमी उंच की कोंबडीही चढेल. लाल रंग दिलाय, शेवाळी गाडीला लाल पायरी! रंग निवडताना ह्या माणसाचे डोळे कुठे असतात? दाराच्या आत डाव्या बाजूला एक दांडी, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. हात वर न करता हाताशी आली.

नांतेझा पडवीत होती. तिला म्हटलं, इकडे बघू नकोस.

चढले. आधी चांगला पाय, मग दांडी, मग दुसरा पाय ओढून घेतला. कुणी हात दिला नाही. बाकावर बसले आणि पाय समोर सोडला, बाकावरच, लांब. कुठे अडला नाही. टाच पार दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथेही बोटभर जागा उरली. त्या पांढऱ्या गाडीत हा पाय माझ्या कानाला लावून बसावं लागलं असतं.

बाकाच्या पायाला एक दोरी बांधलेली होती. केळीच्या सोपाची. मधे गाठ.

"नांतेझा! ही तुझ्या गृहपाठाची ना?"

"नाही."

"नाही?"

"हो." मग ती पळाली.

तिच्या मास्तरांनी तिला गुण किती दिले ते विचारायचं राहिलं.

मी तिथे बरीच बसले. कॉफीचा वास इतका काही वाईट नाही.

पाय: वाकला नाही. दुखलाही नाही.

बुधवार, २७ ऑगस्ट

सकाळी झुडपामागून आवाज, "नालोंगो, रात्र कशी गेली?" रोज विचारतच होता, मी उत्तर दिलं नाही त्या दिवसापासूनसुद्धा.

"गेली," मी म्हटलं. "तुझी?"

पलीकडे काहीतरी पडलं. बहुतेक त्याची पिशवी.

"माझी... माझीही गेली, नालोंगो."

"पायरीचा रंग भयाण आहे."

"हो, नालोंगो."

संध्याकाळी पायरी शेवाळी झाली होती. हात लावला तर ओली. माझ्या बोटाचा ठसा उमटला, तो आता तिथेच राहणार. राहू दे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

गाडीत लिहिते आहे. वाटेत लुकायाला थांबलो आहोत, पोरांना कोंबडीचे तुकडे काडीवर भाजलेले हवेत. अक्षर वाकडं आलं तर रस्त्याला दोष द्यावा, मला नाही.

ही गाडी भयंकर आहे. खड्डा आला की आतडी जागा बदलतात. डिझेल दारूसारखं पिते. समोरच्या बाकावर नांतेझा, तिच्याशेजारी सालीच्या कापडाची गुंडाळी, साखरेचं पोतं आणि एक फणस, तो घरंगळत सारखा माझ्याकडे येतो. पुढे तीन पोरांची डोकी आणि त्यांच्याही पुढे, पार लांब, जावयाची मान. एवढं अंतर माझ्या मावशीला मिळालं असतं तर तिने अखेरपर्यंत नीट चहा प्यायला असता.

त्याने समोरचा आरसा वर छताकडे वळवून ठेवलाय. मी दिसू नये म्हणून. मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकतात, तेव्हा बाबिर्ये खिडकीतून डोकं काढून त्याला सांगते. असली गाडी चालवायची पद्धत मी कुठे पाहिली नाही.

मघाशी नांतेझा म्हणाली, "जाजा, बाबा विचारतात, ठीक आहे का?"

"काय ठीक आहे का?"

"ते एवढंच म्हणाले. ठीक आहे का."

"त्याला म्हणावं, पुढे बघून चालव."

तिने सांगितलं. त्याने मान हलवली. मग पुढचा खड्डा वळसा घालून चुकवला.

आता इथून पुढे नाकिमेरा आहे. ती फाटकातच उभी असणार, धाकटी तिच्या मागे, तो जांभळा गोमेसी घालून. म्हशीच्या तोंडाची गाडी बघून दोघी आधी एकमेकींकडे बघतील. मग मागचं दार उघडेल, शेळ्यांचं, पेटीचं, आणि त्यातून मी उतरेन, स्वतःच्या पायांनी, दांडीला धरून. मग ती तोंड उघडेल. मी तिला पन्नास वर्षं ओळखते.

म्हणून कोंबडी खायच्या आधी सगळ्यांना मागूनच ओरडून सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते, म्हणजे कुणी विसरायला नको. शेळ्यांच्या दाराने का आलीस असं विचारलं तर ते माझं मी बघेन. बाबिर्येने मधे बोलायचं नाही, पोरांनी हसायचं नाही. पण गाडी कुणी निवडली, हे ती विचारल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा कुणीही पुढे व्हायचं नाही, मीसुद्धा नाही. उत्तर लुबोवाने द्यायचं. त्यानेच. माझ्याकडे पाठ करून दिलं तरी चालेल, पण मोठ्याने, चटईपर्यंत ऐकू जाईल असं.